वाकळेचा चौथा कोपरा

माय,

हे तुला लिहायचं मी दिवाळीपासून टाळून राहिलोय. आधी म्हटलं कागद न्हाई. कागद मिळाला तर ऊन छान पडलं होतं. मग वारंगा फाट्यावर खिचडी खायला गेलो, तिथं ओळखीचा ट्रकवाला भेटला आणि तो दिवसही गेला. ह्याच्या पायाला भिंगरी हाये, असं तू म्हणायचीस. लिहिण्याचा सराव बी न्हाई, सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी आज बसलोय, कारण एक गोष्ट दोन महिने पोटात राहिली आहे, आणि ती तुझ्याबद्दलची असल्यामुळं दुसऱ्या कुणाला सांगता येत न्हाई.

आपल्या शेजारचे गुरुजी आणि बाई, दोघंबी आता रिटायर झालेत. त्यांच्या लेकानं त्यांना अमेरिकेला बोलावलं, अख्खा हिवाळा राहायला. जायच्या आठ दिवस आधी बाईंनी मला बोलावून घेतलं. का, तर गावात बर्फ पाहिलेला मी एकटाच. सफरचंदाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून मी दोन हिवाळे वर उत्तरेत काढलेत ना. त्या बर्फाचं सांगायला बसलो तर हा कागद पुरायचा न्हाई, एकदा तर आमच्या डिझेलचाच गोळा झाला होता. पण ते असू दे. सांगायचं हे, की ज्याला तू कधी पिशवीसुद्धा सांभाळायला दिली न्हाईस, त्याच्या हातात त्यांनी दोन मोठ्या बॅगा दिल्या.

बॅगा मी मन लावून भरल्या, हे खोटं न्हाई. गुरुजींनी तीन जाड स्वेटर काढून ठेवले होते. म्हटलं, गुरुजी, एक जाड घालण्यापेक्षा बारीक तीन घाला. तिकडं घरात उन्हाळा असतो म्हणे आणि दारात बर्फ. आत शिरलं की एकेक काढता आलं पाहिजे. गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळच्या पिशवीत ठेवली, जास्तीचा चष्मा दोघांचाही. गुरुजींनी त्याच पिशवीत अडकित्ता टाकला होता, तो काढून मोठ्या बॅगेत घातला, विमानात तो काढून घेतील म्हणून. बाईंची मिश्रीची डबी मी लोकरीच्या मोज्यात गुंडाळली आणि हळूच कडेला खुपसली. गुरुजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तो मोजा माझ्या मोज्यांत ठेवू नको रे. वास येतो." 

लेकानं फोनवरून सगळं लिहून घ्यायला लावलं होतं. पीठ चालतं, चटणी चालते, बी-बियाणं न्हाई; सापडलं तर फेकून देतात. बाईंनी तिकडं अंगणात लावायला मेथीचं आणि धन्याचं बी घेतलं होतं, ते मीच पुड्यांसकट बाहेर काढलं. मग बॅगा जीपमध्ये टाकून आखाडा बाळापूरला हळदीच्या आडतीवर वजनाला नेल्या. काट्यावर हळदीचं पोतं उतरलं आणि बाईंची बॅग चढली. परत आणल्या तेव्हा बुडाला पिवळा हात लागल्यासारखा डाग होता. दीड-दोन किलोची जागा उरली होती.

त्या जागेसाठी बाईंनी पेटीतून वाकळ काढली.

मी लगेच ओळखली. वरून तुझं हिरवं लुगडं, आत बाबाचं धोतर, कडेनं काळी पट्टी. ती पाहिली आणि मी तिथं राहिलोच न्हाई, ती शिवलीस त्या दिवसात जाऊन पडलो. तू आपल्या ओसरीवर पाय पसरून बसली आहेस, दोरा दातानं तोडतेस, मी नुकताच नांदेडहून येऊन टेकलोय. मनात मी धरून चाललोय की ही माझी आहे. तरी विचारतो, ही कुणाला?

"बाईच्या लेकराला. औरंगाबादला शिकायला चाललं ते. हॉस्टेलात थंडी वाजंल."

"आन मला?"

"तुला दिली तर टाकून येशील कुठंतरी. दोन घोंगड्या कुठं गेल्या, सांग बरं?"

एक ढाब्यावर राहिली होती. दुसरीचं मला आजही आठवत न्हाई. मग तू चौथा कोपरा शिवायच्या आधी आत ज्वारीचे चार दाणे सोडलेस. प्रत्येक वाकळेत सोडायचीस. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब लागत न्हाई, म्हणायचीस.

आणि त्यानं केलं काय? चार वर्षं वापरली आणि अमेरिकेला जाताना घरी ठेवून गेला. तरी शेवटी तुला तोच कामी आला. तू गेलीस त्या हिवाळ्यात मी कुठल्या घाटात होतो कोण जाणे, निरोप पोचून मी आलो तोवर दहावा उरकला होता. तो मात्र सुट्टीला आलेला. शेवटचं पाणी त्यानं पाजलं. लोक अजून मला सांगतात, पोटच्या पोरासारखं केलं त्या लेकरानं. सांगणाऱ्यांना वाटतं मला बरं वाटंल. त्याच्या विमानाचं मला काही वाटत न्हाई, विमानात मला बसवणारबी न्हाई. पण तो पाण्याचा चमचा माझा होता, माय.

बाई म्हणाल्या, "गुरुजींच्या गुडघ्यावर राहील. आणि पोरगं बघून खूश होईल."

पोरगं खूश होईल, हे ऐकलं आणि मी वाकळ घडी घालायला हातात घेतली. चौथा कोपरा चेपला. म्हटलं, "बाई, ही न्हाई नेता यायची. मायनं कोपऱ्यात दाणे घातलेत."

"मग उसव तेवढा कोपरा. मी परत शिवते."

"मायचा टाका माझ्याच्यानं उसवणार न्हाई."

बाईंनी वाकळ माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग वाकळ माझ्याच मांडीवर ठेवली. "मग आमी येईपर्यंत तूच सांभाळ. कुठं टाकून येऊ नको." तुझेच शब्द. तुझ्याकडूनच शिकल्या असतील.

तेव्हापासून मी गावातच आहे. फाट्यावर ट्रकवाल्यानं इंदूरला चल म्हटलं, न्हाई म्हणालो. वाकळ घेऊन जावं तर हरवंल, ठेवून जावं तर उंदीर. एका हिवाळ्यात एका जागी मी पहिल्यांदाच राहतोय. मागच्या आठवड्यात किराणा दुकानात बाईंचा फोन आला होता. मिश्री संपत आली म्हणाल्या. आणि गुरुजींना झोप लागत न्हाई. तिकडची पांघरुणं फुलासारखी हलकी, अंगावर काही असल्यासारखंच वाटत न्हाई. मी हूं हूं केलं.

आता खरं सांगतो. त्या दिवशी कोपरा चेपला तेव्हा बोटाला काही लागलं न्हाई. एक दाणा न्हाई. किड्यानं कधीच खाल्ले असतील. मला ते कळलं, आणि कळूनही मी बोललो.

हे कागद कुठं टाकायचे न्हाईत, वाकळेच्या घडीत ठेवीन म्हटलं होतं. पण आत्ता दारात जीप थांबली. मला वाटलं फाट्यावरचं कुणी असेल. तर बाईंचा लेक. जमिनीच्या कामासाठी आठ दिवसांकरता आलाय म्हणे, एकटाच. ओसरीवर येऊन बसलाय, तू बसायचीस तिथंच, आणि आत हाक मारून सांगतोय, "आईनं वाकळ मागितलीय रे. दाणे काढून दे म्हणाली. माझ्यासमोरच उसव, मी सुई घेऊन आलोय."