नऊशे अंश

२ मार्च
लागली एकदाची नोकरी! ताईने पोलादी पेन दिलंय, चांगलं जड. रोजनिशी त्यानेच लिहायची. प्रयोगशाळा छोटी, टेबल खिडकीपाशी. भट्टी सांभाळणाऱ्या काकांनी काम समजावलं. लोखंडात अ‍ॅल्युमिनियम वाढवत गेलं की चुंबकाची ओढ कमी होते, वीजही अडखळत जाते. निम्मं-निम्मं झालं की ओढ संपतेच. दोघांचे अणू शिस्तीत रांगा लावून बसतात म्हणे. आमच्या घरात कधी बसलं नाही कुणी असं! आई फोनवर म्हणाली, हातपाय सांभाळ. तिचं नेहमीचंच.

४ मार्च
माझ्या आधीच्या माणसाचा खण आवरला. बारा हातमोजे, सगळे डाव्या हाताचे, कोरे करकरीत. काकांना विचारलं, तर त्यांनी विषयच बदलला.

५ मार्च
आज माती खाल्ली. निम्म्या-निम्म्याचा तुकडा कानशीने घासला, तोही मोजे न घालता. घाई, दुसरं काय! घासलं की अणूंची शिस्त मोडते आणि ओढ परत येते, हे पाठ असूनही. चुरा टपाटप चुंबकावर उडाला. काका म्हणाले, नऊशे अंशांवर तापवून सावकाश थंड कर, होईल गप्प. झालाही. डावा अंगठा जरा सोलवटलाय, चुरा गेला असेल थोडा. किरकोळ.

८ मार्च
जखम भरली. पण चुंबक उचलायला गेले, तर तोच टेबलावरून सरकत अंगठ्याकडे आला. मी हसले. मग हसू येईना.

१० मार्च
मनगटापर्यंत आलंय. जिन्यात हात लोखंडी कठड्याला चिकटला, ओढून सोडवला. डॉक्टर म्हणतात, एक्स-रे स्वच्छ आहे, ताण घेऊ नका. भीती वाटते. खूप.

११ मार्च
काकांना हात दाखवला. तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. आधीच्याचंही असंच झालं होतं. त्यालाही घाई. त्याने डावा हात स्वतःच भट्टीत— म्हणून ते मोजे उरले. हात गेला पण माणूस वाचला, म्हणाले. पण कोपराच्या वर चढायच्या आत थांबवलं तरच.

१२ मार्च, दुपार
कोपराला टेकलंय.
भट्टी लावली. काका दाराशी उभे, ओला टॉवेल घेऊन. रडतायत. आई, तू सांगितलं होतंस गं—
आकडा नऊशेवर आला.
डावाच तर जाणार. उजवा आहे ना. लिहिता येईल, जेवता येईल, आईला जवळ—
पुरे. पेन ठेवते आणि
ठेवते—
सुटत नाहीये. उजव्या हातातून पेन सु