चार नंबरचा खोका

१२ जानेवारी, सोमवार

मागच्या गॅलरीत आज चार खोके आले. प्लॅस्टिकचे, भोकाभोकांचे, गुडघ्याइतके उंच. बारकीनं, म्हणजे माझ्या नातीनं, प्रत्येकावर आकडा चिकटवला. अक्षराशी माझी ओळख नाही, पण चारपर्यंतचे आकडे चेहऱ्यानं कळतात. बारकी कचऱ्यात एम.एस्सी. करते आहे, दुसरं वर्ष. लोक पोरांना सांगतात, कचरा करू नका. आम्ही फी भरून करायला पाठवतो!

घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत कसं लवकर होईल, हा तिचा प्रयोग. एक नंबरात लाकडाचा भुसा, दोनमध्ये वाळका पाला, तीनमध्ये कॉलेजातून आणलेली पावडर. हे तिन्ही ती रोज ढवळणार. चारमध्ये नुसता कचरा.

"त्याला कुणी हात लावायचा नाही. आजी, विशेषतः तू."

विशेषतः म्हणे! "मग ठेवलास कशाला?"

"तुलनेला. काहीच केलं नाही तर काय होतं, ते कळायला नको?"

मला विचारायचं की. काहीच न करणारा माणूस मी पन्नास वर्षं सांभाळला.

सूनबाई, लिहिलंस? या वहीचा नियम पुन्हा सांगते – हातानं लिहायचं, तोंडानं फोडायचं नाही.

१३ जानेवारी

चार नंबर बघून आले. नुसतं बघूनच.

२१ जानेवारी, बुधवार

चार नंबरला घाण सुटली आहे. तळातून काळं पाणी. बाकी तिघांचे रोज लाड – ढवळणं काय, ताप बघणं काय! याच्याकडे बारकी नाक धरून येते, लांब तापमापक खुपसते आणि पळते. सावत्र लेकरू नुसतं. मी चार पोरं वाढवली. तिघांना वाढायचं आणि चौथ्याला ताटावरून उठवायचं, असं माझ्या हातून कधी झालं नाही.

आज जेवण झालं. बारकी कॉलेजात, सूनबाई बाजारात. जुन्या छत्रीची दांडी घेतली, खोक्यात घातली, वीस वेळा फिरवली. बस. त्यालाही बरं वाटलं, मलाही.

२ फेब्रुवारी

रोज वीस फेरे. वास गेला. हे लिहिताना सूनबाई मान वर करत नाही. गुणाची आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बारकी चपला न काढताच आत आली. चार नंबर तीन नंबरच्या पुढे गेला! "आजी, पावडर नको, भुसा नको, ढवळणं नको! आपोआप खत! बाई म्हणाल्या, असं आजवर कुणाच्याच प्रयोगात आलं नाही." या बाई म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक. मार्चअखेर प्रबंध द्यायचा, आणि एप्रिलपासून शहराच्या कचरा प्रकल्पावर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. अख्ख्या वर्गातून एकच जागा, ती हिला मिळाली आहे. प्रबंध वेळेत गेला तर.

माझे गाल ओढले तिनं. मी म्हटलं, "वा!" आणखी काय म्हणू?

१९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. चहा तेवढा दोनदा घेतला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बारकीनं लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटी सल्ला दिलाय – कचरा खोक्यात टाका आणि विसरून जा. प्रकल्पाचे साहेब हे पत्रकात छापून घरोघर वाटणार आहेत. माझ्या डोळ्यांपुढे शहरभरच्या गॅलऱ्या आल्या. सगळीकडे काळं पाणी! लोक नाकाला फडकं लावून खोके फेकणार आणि माझ्या नातीच्या नावानं बोटं मोडणार.

सूनबाई म्हणते, "आई, राहू द्या ना. कुणाला कळणार आहे?"

मला कळलंय ना! किती दिवस पोटात कुजवत ठेवू?

२४ फेब्रुवारी

सांगितलं. बारकी भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"वास सुटला तेव्हापासून."

"आजी, ती जागा गेली माझी." एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाजी मीच चिरली. जाडीभरडी झाली. कुणी नावं ठेवली नाहीत, तेच जास्त लागलं.

२५ फेब्रुवारी

बोलत नाही. पण माझं ताट आणून ठेवते, आणि आपटत नाही. संस्कार आड येतात बिचारीच्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलली! बाईंना तिनं स्वतःच सगळं सांगून टाकलं. बाई इतक्या हसल्या म्हणे, की शेजारच्या खोलीतले सर डोकावून गेले. मग म्हणाल्या, "लपवलं असतंस तर तोंडी परीक्षेत उघडी पडली असतीस. आता जे झालं ते लिही. चार नंबर म्हणजे हातानं ढवळलेला नुसता कचरा. आणि हात न लावलेला नवा खोका इथे कॉलेजात ठेव. कुलपात!"

त्याला दोन महिने जास्तीचे लागणार. बाईंनी प्रकल्पाच्या साहेबांना फोन केला. प्रशिक्षण जूनपासून घेतील. जागा राहिली!

मी जिन्यापर्यंत जाऊन आले. काम काहीच नव्हतं.

२८ फेब्रुवारी

पोलीस परवडले! कधी ढवळलंस? जेवणानंतर. किती फेरे? वीस. किती खोल? तळापर्यंत. छत्रीची दांडी पट्टीनं मोजली, तिचा फोटो काढला. तो प्रबंधात जाणार. माझा नाही, दांडीचा!

"आणि दिवसातून एकदाच ना? खरं सांग हं."

"एकदाच गं. तुझी शपथ."

प्रबंधाच्या सुरुवातीला माझे आभार मानणार आहे म्हणे. चोराचे आभार! मान बाई.

५ मे, मंगळवार

कुलपातला खोका छान घाण मारतो आहे. बारकी खूश, बाई खूश. प्रबंध पूर्ण झाला. त्यातलं मुख्य वाक्य मी पाठ केलंय – "दिवसातून एकदा ढवळल्यास नुसत्या कचऱ्याचेही चांगले खत होते." साहेब आता हे वाक्य पत्रकात घेणार. माझे वीस फेरे घरोघर जाणार. या वयात आणखी काय हवं? गुडघे सोडून काही दुखत नाही.

६ मे, बुधवार

मी आज काही सांगायच्या आधीच सूनबाईनं पेन खाली ठेवलं. "आई, तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी पण ढवळायचे. जुन्या झाऱ्यानं. त्या खोक्याचे हाल बघवायचे नाहीत हो मला."

"रोज?"

"रोज."

"किती फेरे?"

मोजले नाहीत म्हणते!

प्रबंध उद्या सकाळी छापायला जाणार. बारकी आतल्या खोलीत शेवटचं पान तपासते आहे. मी सूनबाईला म्हटलं, पेन उचल, आधी हे लिही. माझं मी सांगून मोकळी झाले, आता पाळी तुझी. लिहिलंस? ऊठ मग. हाक मी मारते – बारके!