झिलीची जागा

प्रिय अक्का,

आबांच्या दहाव्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, त्याला पाच महिने झाले. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुमच्या राहू गावच्या पोस्टमननं भाऊजींच्या हातात दिलं तरी ते न फोडता तुझ्याकडे देतील, एवढा विश्वास आहे. वाच, मग हवं तर चुलीत घाल. घरात गॅस असला तरी तुझी चूल अजून पेटते, हे मला माहीत आहे.

माझा पहिला अल्बम आला. सात गाणी, लिहिली मीच, गायली मीच, वाजवलीही मीच, म्हणजे कॉम्प्युटरवर. त्यात दुधाच्या कॅनचं झाकण आहे, विहिरीवरच्या मोटरीची घरघर आहे, दौंड स्टेशनातल्या घोषणेचा तुकडा आहे. हौसरावमामांनी अख्खं गाणं ऐकलं आणि विचारलं, "पोरी, ह्यात गाणं कवा सुरू हुतंय?" मला राग आला नाही. हल्ली येतच नाही. लोक अभिनंदन करतात, मी थँक्यू म्हणते आणि घरी येऊन भात लावते.

एक गंमत सांगते. आबा गेल्यावर मी सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गायली, आणि दर ओळ संपली की थांबायला लागले. रेकॉर्डिंग करणाऱ्या सत्यजीतला वाटलं, मी शब्द विसरते. बिचारा काचेपलीकडून कागद दाखवायचा. मलाही कळेना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मी झिलीची, मागून ओळ उचलणाऱ्या आवाजाची, वाट बघत होते. मांडवगणच्या देवळात बिरोबापुढं ओव्या गाऊन आले की आबा घरी पुन्हा त्याच लावायचे. ओळ म्हणून गप्प व्हायचे आणि आपण दोघींनी ती मागून उचलायची. "वळ भुईला पडू द्यायची न्हाई," असा दम असायचा. तुझा आवाज जाड, माझा पिपाणीसारखा. एकटीनं गायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. सत्यजीतनं त्या रिकाम्या जागा तशाच ठेवल्या. आता पेपरात एकानं लिहिलंय की या गायिकेचं मौन धाडसी आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

दहाव्याला तू सगळ्या बायकांत म्हणालीस, "बाप गेला आन् हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. शहरानं दगूड केला हिचा." खरं तेच बोललीस. मी पाहुण्यांना पाणी देत होते आणि माझं सगळं लक्ष तांब्याला पडलेल्या पोच्यावर होतं. रडू दाबत होते असंही नाही. आत काही हलतच नव्हतं. अजून हलत नाही. शेजारच्या सुषमाकाकू म्हणतात, होईल हळूहळू. मी हो म्हणते.

तुला न सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. आबा गेले त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा मला फोन आला होता. मी माइकसमोर उभी होते. उचलला. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही, सरळ ओवीची एक ओळ म्हटली आणि थांबले. काय हवंय ते मला लगेच कळलं. पण सत्यजीत खोळंबला होता, काचेतून बघत होता, आणि त्याच्यासमोर मला आपल्या ओवीची लाज वाटली. मी तोंड उघडलं नाही. आबांनी जरा वाट बघितली. मग म्हणाले, "रेंज न्हाई वाटतं," आणि ठेवून दिला. रेंज पूर्ण होती, अक्का. दुपारी तुझा फोन आला. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ज्याला सांगीन तो मला समजून घेईल. तू घेणार नाहीस. म्हणून तुलाच लिहिलं. आता फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल मला. मी मध्ये काही बोलणार नाही, पण फोन ठेवणारही नाही.

तुझीच,
नीलम