तोक्तोसून मामांची तिसरी गैरहजेरी

बिश्केक, मंगळवार, जूनचा पहिला आठवडा

आदरणीय तोक्तोसून मामांना भाचा एर्मेक याचा सलाम.

इकडे आम्ही सगळे सुखरूप. तुमची तब्येत, मामींचे गुडघे, तांबडी गाय, तिचं नवं वासरू आणि अंगणातली व्होल्गा गाडी, सगळी मंडळी ठणठणीत असतील अशी आशा आहे. (वासराला व्होल्गाच्या आधी लिहावं की नंतर, यावर पाच मिनिटं विचार केला. चुकलं असेल तर लहान समजून सोडून द्या.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा विषय निघाला की तुम्ही "घे, मामीशी बोल" म्हणून मोकळे होता. पत्रही तुम्ही मामींच्या हातात द्याल, पण त्या ते मोठ्याने वाचून दाखवतील, म्हणजे या वेळी तुमची सुटका नाही.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे. येत्या रविवारी क्लबच्या गाड्या तू-आशू खिंड ओलांडून सुसामीरला जाणार आहेत आणि यादीत तुमचं नाव पहिलं आहे. एप्रिलमध्येही पहिलं होतं, तुम्ही आला नाहीत. मेमध्येही होतं, तेव्हाही नाही. आता नियम असा झालाय की नाव देऊन, न कळवता तीनदा दांडी मारली की ते नाव क्लबातून कायमचं कमी. म्हणजे ज्या माणसाने हा क्लब काढला आणि तेवीस वर्षं चालवला, त्याचं नाव रविवारी मला माझ्या हाताने खोडावं लागणार. नियम मीच केलाय. (करताना फार हुशारी वाटली होती.)

तो का करावा लागला तेही ऐका. तुम्ही चिटणीस होतात तेव्हा एकेकाला फोन लावायचात आणि समोरचा "बघतो" म्हणाला की हा येत नाही हे त्याच्या आवाजावरून ओळखायचात. मी चिटणीस झालो आणि नसता शहाणपणा करून फोनवर ग्रुप काढला. ज्याला यायचंय त्याने अधिकची खूण टाकावी, बस्स. एप्रिलमधल्या कोच्कोरच्या फेरीचं आमंत्रण वजन यावं म्हणून तुमच्या नावाने टाकलं. अर्ध्या तासात एकतीस खुणा! मी हरखून गेलो. वडीलधाऱ्या माणसाने काही विचारलं आणि आपण गप्प बसलो तर ते बरं दिसत नाही, तेवढ्यासाठी लोकांनी खुणा टाकल्यात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकाने तर इस्पितळातल्या खाटेवरून टाकली होती. दुसरा तीन वर्षं मॉस्कोत टॅक्सी चालवतोय, त्यानेही टाकली. त्यांच्या मनात तो तुम्हाला केलेला नमस्कार होता, मी ती हजेरी धरली.

आणि तो आकडा मी कोच्कोरच्या काचकिनला कळवून बसलो. काचकिनचा पाहुणचार तुम्ही जाणताच. त्याने दोन मेंढ्या कापल्या आणि माझ्या यादीतली वयं बघून कुणाला कुठलं हाड वाढायचं तेही लावून ठेवलं. पोचलो आम्ही अकरा जण, नऊ गाड्यांतून. मोठी माणसं झाडून सगळी घरी. (गेन्नादी इव्हानोविच तेवढे आदल्या दिवशी रीतसर कळवून गैरहजर होते. असा तो एकच माणूस.) उरलेल्यांत वयाने मोठा निघाला तलाय, वय वर्षं चौतीस. तुमच्यासाठी राखलेलं कमरेचं हाड त्याच्यापुढे आलं आणि जेवण झाल्यावर हात वर करून दुवा देण्याची पाळीही त्याच्यावरच आली. तलाय चार माणसांत गाडीच्या नंबरापलीकडे कधी काही बोललेला नाही. तो घामाघूम झाला, आणि साठीच्या काचकिनला त्याने "खूप शिका, मोठे व्हा" असा आशीर्वाद दिला. काचकिनने मान लववून तो घेतला. माणूस खरोखर मोठा आहे.

पण खरी गंमत पुढेच झाली. पाहुण्याच्या नावाने काढलेला वाटा घरात ठेवायचा नसतो, त्यामुळे निघताना काचकिनने न आलेल्यांची वीस पुडकी माझ्या मागच्या सीटवर ठेवली. पुढचे तीन दिवस मी घरोघर मटण पोचवत होतो. प्रत्येक घरी बसवून घेऊन चहा, तळलेले बोरसोक, जर्दाळूचा मुरंबा, आणि "अरे, यायचं फार मनात होतं बघ." मी पोटाचा नगारा घेऊन घरी परतायचो. न येणाऱ्याला वाटा घरपोच मिळतो ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मेच्या फेरीला चव्वेचाळीस खुणा आल्या आणि गाड्या आल्या सहा.

मग मी सभा घेतली आणि तिथे तो तीन दांड्यांचा नियम मांडला. एप्रिल-मेच्या दांड्या धरूनच मोजायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. (तेही आदरानेच केले असावेत, पण लिहून घेतल्यावर काय करणार.) तेवढ्यात तलायने हळूच विचारलं, तोक्तोसून आकांचं काय? गेन्नादी इव्हानोविच म्हणाले, "नियम तोक्तोसूनला लागू नसेल, तर मलाही तो नको." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाचा म्हणून पाहिलं की चिटणीस म्हणून, कळलं नाही. मी मान डोलावली.

दोन दांड्या झालेले अकरा जण रविवारच्या यादीत होते. नियम कळल्यावर दहांनी मुकाट्याने नावं मागे घेतली. अकरावे तुम्ही. तुमची खूण तर सगळ्यांच्या आधी पडलीय, पहाटे पाच वाजून सतरा मिनिटांनी. मामा, तुमच्या नावावर रेघ ओढायची माझी तयारी नाही. म्हणून चिटणीस या नात्याने नम्र सूचना करतो, की शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव मागे घ्यावं. कळवलेली गैरहजेरी दांडीत धरत नाहीत. कारण विचारलं जाणार नाही. गाड्या सकाळी सातला कारा-बाल्ताच्या बाजाराच्या वळणावर, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर थांबतील, तेव्हा तुम्ही खुशाल झोपून राहा.

मामींना सलाम, वासराला लाड.

तुमचा भाचा,
एर्मेक (चिटणीस)

ता. क. नाव मागे घेऊ नका. वरचं सगळं क्लबच्या दप्तरासाठी लिहिलंय. खरं काम असं, की माझ्या झिगुलीचं इंजिन बंद पडलंय आणि बिनगाडीचा चिटणीस बरा दिसत नाही. भाच्याने मामाकडे एखादी वस्तू मागितली तर मामाने नाही म्हणू नये, हा आपला रिवाज मी आजवर एकदाच वापरलाय, सात वर्षांचा असताना, तुमच्या घड्याळासाठी. (ते त्याच आठवड्यात कालव्यात पडलं. मांजरीवर आळ घेतला होता.) आता दुसऱ्यांदा वापरतो. रविवारी व्होल्गा मला चालवायला हवी. मात्र तिचा तिसरा गिअर तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे शेजारी तुम्हाला बसावंच लागेल. नियमात "गाडी आणि मालक हजर हवेत" एवढंच आहे. चाक कुणाच्या हातात, याबद्दल अवाक्षर नाही. गेन्नादी इव्हानोविचना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे.

आणखी एक ता. क. मामींवर रागावू नका. गुडघे दाखवायला बिश्केकला आल्या होत्या, चहा पिताना त्यांना रडू आलं. फेरीच्या दिवशी तुम्ही पहाटे गाडी पुसता, सुरू करता, अर्धा तास तशीच घेऊन बसता आणि बंद करून घरात येता, हे त्यांनीच सांगितलं. फाटकाच्या खांबाला गाडी घासली ते आणि डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, तेही. मी कुणाला बोललो नाही, बोलणार नाही. खिंडीत डावीकडचं मी बघेन, उजवीकडचं तुम्ही बघा.

शेवटचं ता. क. रविवारी कुणी झिगुलीची चौकशी केली तर इंजिन बंद पडलंय असंच सांगा. आणि माझ्याकडे याल तेव्हा क्लबातल्या कुणाच्याही देखत तिची चावी फिरवू नका. ती पहिल्या झटक्यात सुरू होते.