फोन आधी आपण ठेवायचा नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. माझ्या भावाला तो लागेल.

१. राहतं घर आम्ही दोघींनी मिळून घेतलं. ती एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसे. लांबच्या गावी ट्रंककॉलवर ओरडून बोलावं लागे, तसा तिचा आवाज, म्हणून सगळे तिला ‘ट्रंककॉल’ म्हणत. गर्दी ओसरली की हातभर अंतरावरून मलाच फोन लावायची.

“बोला, कोणता नंबर हवाय?”

“तुमचाच.”

एकतीस वर्षं एकत्र राहिलो. तिच्या शेवटच्या आजारात इस्पितळाच्या फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात मी ‘मैत्रीण’ लिहिलं. कारकून म्हणाला, “रक्ताचं कोणी नाही का, बाई?” आणि मला दाराबाहेर बसवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी खरं लिहायला शिकवलं होतं. तरी त्या दिवशी मी भ्याले. ती चूक इथे दुरुस्त करते. नाते: जोडीदार.

२. नव्या कायद्याने आमच्यासारख्यांच्या मदत केंद्राला टाळं लागलं, तेव्हा केंद्राचा फोन माझ्या स्वयंपाकघरात आला. मंत्रिमहोदय भाषणात आम्हाला ‘रोग’ म्हणाले, त्या आठवड्यात तो दुपारभर वाजायचा. एक मुलगी नुसती रडायची. केंद्रातले आमचे शिंपीदादा तेव्हा फोनवर बसले होते, ते घाबरले. “ताई, हिच्याशी काय बोलू?”

“काही नको. ऐकतोय, एवढंच सांगा. आणि ट्रंककॉलचा नियम लक्षात ठेवा: फोन आधी आपण ठेवायचा नाही.”

ती मुलगी आता दर मंगळवारी स्वतः फोन घेते आणि “मावशी, चहा आहे की पाक?” म्हणून मलाच झापते.

३. म्हणून घर आणि फोन शिंपीदादांना. अट एकच: फोन बंद पडता कामा नये. मंत्र्यांचा आला तरी उचलावा.

४. भावाला भिंतीवरचं घड्याळ. एकतीस वर्षांत दोनदा आला, दोन्ही वेळा त्याच्याकडेच बघत बसला. घरावर हक्क सांगितलाच, तर कलम एक त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

५. ट्रंककॉलचा जुना हेडफोन माझ्यासोबत जाऊ द्यावा.

सही दोन दमांत झाली आहे. अर्ध्यात फोन वाजला. तो आधी घेतला. चाळीस मिनिटं लागली. दोन्ही साक्षीदार बसून राहिले. खाडाखोड समजू नये.

(सही) ऑपरेटर, बोर्ड क्रमांक सात

आमच्यासमक्ष:
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) तळमजल्यावरचे औषधवाले

ठिकाण: स्वयंपाकघर, फोनजवळ
दिनांक: १४ मार्च २०२५