उजव्या बाकाकडून डाव्या बाकास

मु. पो. मुरूड, जि. उस्मानाबाद
(नव्हे, आता लातूर. जिल्हा बदलला, हाताला अजून कळवायचं आहे.)

टक. मग जरा थांबून, टकटक. आज पहाटे या आवाजानं जाग आली आणि उठून बसल्यावर ध्यानात आलं, की तो त्रेपन्न वर्षांपूर्वीचा आहे. गुरुपादप्पा मास्तरांची पितळी टोपणाची छडी. एक ठोका उजव्या बाकाला, दोन डाव्याला.

ती. विरूपाक्षदाजी यांस अमृतरावाचे शरणु शरणार्थ. (मायना मागं राहिला, माफी असावी. वयानं तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी धाकटे, पण आमची बहीण महादेवी तुम्हांला दिली तेव्हापासून तीर्थरूप लिहीत आलो, ती गेल्यावरही सवय सुटत नाही.) गुडघा कसा आहे? हदगावात लेकाकडं नळाला रोज पाणी येतं म्हणे. इथं दोन वर्षं झाली, आभाळ येतं, बघतं आणि मुलगी पसंत नसलेल्या पाहुण्यासारखं ‘कळवतो’ म्हणून निघून जातं.

तर मास्तर. निजामाच्या अमलात मराठीचा एक तास सोडला तर आपलं सगळं शिक्षण उर्दूत, त्यात इंग्रजी म्हणजे परक्याच्याही परकी. मास्तर म्हणायचे, इंग्रजी शब्दाच्या पुढं लागणारा तुकडा म्हणजे वरातीपुढचा वाजंत्री. तो ओळखला की वरात कुठल्या घरची आणि निघाली कुणीकडं, ते कळतं. म्हणून सगळे एक्केचाळीस उपसर्ग त्यांनी कवितेच्या चालीत बसवले. एक टक, की आम्ही उजवे ओरडायचो, ‘अन्!’ टकटक, की तुम्ही डावे, ‘नाही! खास इंग्रजाच्या घरचा!’ खिडकीखाली बोरं विकणारी साखरासुद्धा मान डोलवायची. किती गोड चाल होती. आपल्या मराठीच्या पुस्तकातल्या कविता मला अजून सगळ्या येतात, पण झोपेत येते ती हीच.

आता कबूल करण्यासारखी गोष्ट. मला आमच्या बाकाचं सगळं पाठ आहे, तुमच्या बाकाचं त्या पहिल्या ओळीपुढं काहीच नाही. तुम्ही बोलत असताना मी माझा पुढचा उपसर्ग ओठांवर धरून बसलेला असायचो, ऐकायला सवड कुठली? पुढं जन्मभर दुकानात कापड फाडलं. धोतरजोडीला उपसर्ग लागत नाही.

पण नवा जिल्हा झाला आणि कागद वाढले. आमच्या गल्लीचा टँकर आठवडाभर बंद होता; गेल्या सोमवारी शेजारच्या गल्लीच्या टँकरच्या पाठीवर एक इंग्रजी कागद चिकटून आला. रांगेतल्या बायकांनी मला ओसरीवरून उठवून नेलं. (मीच पूर्वी एकदा, मला इंग्रजी शब्दांची घराणी येतात, असं बोलून बसलो होतो.) कागदावर गल्लीचं नाव होतं, मंगळवार होता, आणि ‘रीस्टार्ट’ होतं. ‘स्टार्ट’ सगळ्यांनाच कळत होतं. प्रश्न पुढच्या ‘री’चा. मी डोळे मिटले, छडी ऐकली, ‘री!’ म्हणालो, आणि डावा बाक गप्प. चाळीस घागरी माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, चालू शब्दाच्या पुढं येऊन उभा राहणारा माणूस अडवायलाच उभा राहणार. मी जाहीर केलं, उद्यापासून टँकर कायमचा बंद.

मंगळवारी अख्खी गल्ली बार्शी रस्त्याच्या विहिरीवर गेली, उन्हातान्हात, दीड कोस. मागं टँकर आला, भोंगा वाजवला, आणि घागर दिसेना म्हणून भरलेलाच परत गेला. संध्याकाळी साखराबाई (तीच, बोरांची; आता रांगेची पुढारी आहे) दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “आप्पा, तुमचं इंगरजी वता आता रांजणात, आन् प्या.” तेव्हापासून मी ओसरीवर बसतो आणि गल्ली माझ्यावरून नजर उचलून पलीकडं ठेवते. बाकी सर्व क्षेम.

आपला,
अमृतराव

ता. क. तुमच्या बाकाचं तेवढं सगळं लिहून पाठवावं. गल्लीत अब्रू परत मिळवायची आहे.

दुसरा ता. क. लिहून नको. तुमचं अक्षर लागत नाही. (लागतं. पण या.) महादेवी गेल्यापासून सहा वर्षांत मुरुडात तुमचं पाऊल नाही. तिच्या आठवणीनं टाळता, हे मला कळतं. पण त्याच आठवणीपाशी मी इथं एकटा बसतो. शाळेनं मोडीत काढलेल्या बाकांतला एक मी आणून ओसरीवर ठेवला आहे. बसतो उजव्या टोकालाच.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारावर टकटक. साखराबाई. काखेत भरलेली कळशी. भांडायला आली असेल म्हणून मी उठलो. तिनं कळशी उंबऱ्यात ठेवली आणि छताकडं बघत, शाळेतल्या चालीत म्हणाली, “री म्हंजे परत, लॅटिनच्या घरचा. टेली म्हंजे दूर, ग्रीकाच्या घरचा.” मी कळशी आत घेतली. “चार वर्सं खिडकीखाली बसले, आप्पा. तुम्ही लई वरडायचे. डावीकडचे हळू म्हणायचे, म्हणून कान दिऊन ऐकायचे.”

सगळे एक्केचाळीस तिच्यापाशी आहेत. म्हणजे तुमच्या अर्ध्याची आता गरज उरली नाही, दाजी.

तरी या.