हैबतरावांच्या विहिरीतला अमोनाइट

१८ एप्रिल १९६३, गुरुवार. कोळवण.

अमोनाइट! आमच्या कोळवणात! लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतंय — येऊ दे, वाचणार कोण आहे.

सकाळी पडवीत सातवीचे पेपर तपासत होतो. हैबतरावांच्या विहिरीवर खोदाईला असलेला भिवाजी आला आणि मुठीएवढा एक दगड माझ्यापुढे धरला. "गुरुजी, हिरीत घावला. तांबड्या मातीतनं." तेवढं बोलून निघूनही गेला. गावातले सगळेच मला दगड आणून देतात. दगडवेडा मास्तर म्हणतात, मला माहीत आहे.

वरून तांबडी माती लागलेली. धुतला तर आत काळाभोर. एक बाजू फुटलेली, आणि फुटलेल्या जागी वेटोळं — चकलीसारखं, त्यावर बारीक बरगड्या. बरगड्यांच्या फटीत काहीतरी पिवळट बसलं होतं. दात घासायच्या ब्रशने तेही काढून टाकलं. आता लख्ख दिसतोय.

दुपारी जेवण गेलं नाही. हैबतरावांच्याच घरी राहतो-जेवतो मी; त्यांच्या आईंनी, धोंडाबाईंनी विचारलं, पोट बिघडलंय का? त्यांना काय सांगणार!

१९ एप्रिल

शांतपणे लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

अमोनाइट समुद्रातला प्राणी. शंख वेटोळ्याचा, आत भिंती घालून केलेले खण. कोट्यवधी वर्षांपूर्वी सगळे संपले. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून कुठली जात सापडली त्यावरून त्या थराचं वय सांगता येतं. कॅलेंडरच म्हणायचं. मी स्वतः कच्छात टोपल्या भरभरून गोळा केलेत.

पण आमचा मुळशीचा डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात शंख कुठून येणार? दोन लाव्ह्यांच्या मध्ये मात्र गेरूसारखा तांबडा थर असतो, म्हणजे मधल्या काळात झालेली माती. त्या मातीत अमोनाइट निघाला तर इथे मध्ये समुद्र आला होता आणि खालचा लाव्हा वाहिला तेव्हा अमोनाइट अजून जिवंत होते. आपल्या काळ्या दगडाचं वय किती, यावर मोठमोठे लोक भांडतायत. ते भांडण हैबतरावांच्या विहिरीत मिटेल.

काळा, गुळगुळीत, आत चक्र — शाळिग्राम तर नव्हे? तोही अमोनाइटच, पण हिमालयातला. हा विचार काल पहिल्याच मिनिटाला आला होता. मीच त्याला हाकलला. शाळिग्राम विहिरीच्या तळाशी कशाला जाऊन बसेल?

रिसबूड सरांना पत्र टाकलं. बारा वर्षांनी.

२१ एप्रिल, रविवार

बारा वर्षांचं कारण इथे कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

कॉलेजच्या संग्रहालयात सरांच्या हाताखाली होतो. कच्छातून आणलेले दोन ट्रे माझ्या हातून सांडले. लेबलं एकीकडे, शंख एकीकडे. सांगायला हवं होतं. मी अंदाजाने लावून टाकली! त्यावर सरांनी निबंध वाचला आणि भरसभेत कुणीतरी उठून म्हणालं, ही जात त्या थरात असूच शकत नाही. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जागा गेली की तो नुसता दगड." ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली आणि मास्तरकी धरली.

आज विहिरीत उतरलो. तांबडा थर पाऊण हात जाड. दिवसभर खरवडला. दुसरा शंख सोडा, शिंपल्याचा कपचाही नाही. भिवाजीला नेमकी जागा दाखव म्हटलं तर त्याने एकदा इकडे हात केला, एकदा तिकडे. "ध्यानात न्हाई, गुरुजी."

२५ एप्रिल

सरांचं पत्र! रविवारी पाच मे रोजी येतायत, बरोबर दोघे जाणकार. "जागा तशीच राहू द्या." जागा हा शब्द अधोरेखित केलाय. मला लागलं थोडं. लागायलाच हवं.

हैबतरावांना सांगितलं, थराला दहा दिवस हात लावू नका. ते लगेच हो म्हणाले. भला माणूस. गेलं वर्षभर त्यांचं एकच चालायचं — दादा रजेवर आला की दोघं मिळून विहीर खोल घेऊ. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ जयसिंग, लष्करात. नोव्हेंबरात नेफात, चीनशी झालेल्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली. होळी झाल्यावर हैबतरावांनी एकट्यानेच काम काढलं. पाणी हवंच, कुणाची वाट बघणार!

तार आली त्या दिवशी धोंडाबाईंनी देव पाण्यात ठेवले. देवघरात घंगाळ आहे, वर फडकं. लेक घरी आल्याशिवाय देव बाहेर काढायचे नाहीत. मी पाच महिने ते घंगाळ बघतोय. विज्ञानाचा मास्तर असूनही तिथून जाताना पाय हळू टाकतो.

२७ एप्रिल, शनिवार

संपलं.

हैबतराव कंदिलाची काच मागायला खोलीत आले. टेबलावरचा दगड बघून जागीच थांबले. म्हणाले, "ह्यो आमचा देव हाय." त्यांच्या आजीला काशीहून आलेल्या एका गोसाव्याने दिलेला शाळिग्राम. फुटकी बाजू लहानपणापासून त्यांच्या ओळखीची.

धोंडाबाई ओढ्यावर गेल्या होत्या. आम्ही देवघरात जाऊन घंगाळावरचं फडकं उचललं. टाक सगळे होते. शाळिग्रामाच्या जागी ओढ्यातला काळा गोटा.

फटीतलं ते पिवळट म्हणजे गंध! वर्षानुवर्षांचं गंध मी दातांच्या ब्रशने घासून काढलं आणि वर खूश झालो.

मला वाटलं हैबतराव भिवाजीच्या अंगावर धावून जातील. ते खालीच बसले. म्हणाले, आत्ता ठेवून द्या, आईला कळता कामा नये. मग कारण सांगितलं. जानेवारीतच पौडला त्यांना लष्कराचा कागद मिळाला होता. जयसिंग गेले. बर्फात, साथीदारांच्या समक्ष. "आईला सांगितलं न्हाई. देव पान्यात हायेत तवर ती दोन घास खाती."

शाळिग्राम मी माझ्या हाताने परत पाण्यात ठेवला. गोटा अंगणात टाकला.

भिवाजीला गाठलं. चोरी केलीस का, विचारलं. खाली मान घालून म्हणाला, चोरी न्हाई केली, म्होरलं इचारू नका.

२८ एप्रिल

वाईट विचार आला. तो लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी फार सज्जन होतो असं वाटायला नको.

खरं फक्त तिघांना ठाऊक आहे. हैबतराव बोलणार नाहीत, भिवाजी तर नाहीच. दगड दोन दिवस मागून घ्यायचा, सरांना दाखवायचा, "तांबड्या थरातला" म्हणायचं. बारा वर्षांपूर्वीचं सगळं पुसलं जाईल. कोळवणचं नाव पुस्तकात, शेजारी माझं.

सकाळपासून दुपारपर्यंत हे मनात घोळवलं. दुपारी धोंडाबाईंनी ताट वाढलं. माझ्या शेजारी रोजच्यासारखा जयसिंगचा पाट मांडलेला. हैबतराव मान वर न करता जेवत होते. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

२९ एप्रिल

सरांना लिहिलं. शंख विहिरीतला नाही, देवघरातला. शाळिग्राम आहे, मूळचा हिमालयातला. माझी ओळखण्यात चूक झाली. आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

पोस्टात टाकून आलो. हलकं वगैरे वाटेल म्हणतात. मला नुसती भूक लागली.

३ मे

सरांचं कार्ड. दोनच ओळी. "जागा बरोबर कळवलीत. रविवारी येतो, तांबडा थर दाखवा."

चार वेळा वाचलं. मग हैबतरावांना वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण हसले.

५ मे, रविवार

सर एकटेच आले, सकाळच्या एस.टी.ने. केस पांढरे झालेत. विहिरीत उतरायचा हट्ट धरला, उतरले, थराचे चार तुकडे रुमालात बांधून घेतले. लेबलं मला लिहायला लावली! मी लिहिली. त्यांनी एकही तपासून पाहिलं नाही.

धोंडाबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. सर म्हणाले, तुमचा शाळिग्राम म्हणजे हिमालय कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता याचा पुरावा आहे, जपा. धोंडाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शाळिग्रामाबद्दल सरांना कसं माहीत, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. हैबतराव आणि मी दोघंही घाबरलो होतो, पण निभावलं.

६ मे, सोमवार

हैबतराव औताला गेल्यावर धोंडाबाई खोलीत आल्या. पदराखालून शाळिग्राम काढून माझ्या टेबलावर ठेवला. ओला होता.

म्हणाल्या, भिवाजीला मीच दिला होता, हिरीत घावला म्हणून सांग असं शिकवून. तुम्ही दगड जपता म्हणून तुमच्याकडे. आणि तुम्ही उलट पाण्यात नेऊन ठेवलात!

मी दगडाखाली कोरडं फडकं सरकवलं.

"दादा आला की हीर खोदू म्हनत हुता हैबती. मग एकलाच खोदाया लागला. तवाच कळलं मला, जयसिंग आता यायचा न्हाई. निदान ह्या एका देवाला तरी पान्यातनं सोडवावं म्हनलं. पर त्याला वाटतंय, मला म्हाईत न्हाई. तसंच वाटू द्या. देव मी उघड काढला तर त्यो खचंल." घंगाळात त्यांनी पुन्हा ओढ्यातला गोटा ठेवलाय. पाटही रोज मांडणार आहेत.

जाताना दारात थांबल्या. काल मला लेबलं लिहिताना त्यांनी बघितलं होतं. याच्यावर जागा कुठली लिहिणार, विचारलं.

म्हटलं, हिमालय.

"लिवा. जयसिंग बी तितंच हाय."

लिहिलं.